श्वास घेण्याचा दाखला

इंदूरकर मनुष्य पाण्याकडे जात नाही. पाणी त्याच्याकडे येते, अशी माळव्याची वहिवाट आहे. नर्मदामाई मंडलेश्वरनजीकच्या जलूद गावाहून पंपांच्या साहाय्याने विंध्याचा कडा चढून, सुमारे 70 किलोमीटरांची मजल मारून 1978 सालापासून आमच्या नळाला येते, आणि घरातील बादल्या, पिंपे व टाक्या यांनी तिचे यथासांग स्वागत केले की आमचा जलतत्त्वाशी असलेला संबंध त्या दिवसापुरता समाप्त होतो. यशवंतसागर आणि सिरपूर हे आमचे तलाव 2022 साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत दाखल झाले हे खरे. परंतु हा बहुमान तेथे उतरणाऱ्या पक्ष्यांमुळे लाभला, उतरणाऱ्या इंदूरकरांमुळे नव्हे. अशा नगरीतला, त्यातही रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीत पिढ्यानुपिढ्या कोरड्या पायांनी वावरलेल्या घराण्यातला एखादा प्रौढ गृहस्थ जेव्हा समुद्राच्या तळाशी जाऊन श्वास घेण्याची परीक्षा देणार असल्याचे जाहीर करतो, तेव्हा त्याचे आप्तेष्ट त्याला दोनच प्रश्न विचारतात : घरी काही बिनसले आहे काय, आणि तिकडे खायला काय मिळते.

हे गृहस्थ म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे ज्येष्ठ बंधू. सरकारी कोषागारात हिशेबाच्या वह्यांवर उभी हयात घालवून ते निष्कलंक निवृत्त झाले. दाराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहणे, जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन चौथ्यांदा ओढणे, गॅसची शेगडी बंद केल्याची पत्नीकडून तोंडी आणि चिरंजीवांकडून स्वतंत्र रुजुवात करून घेणे, आणि रेल्वे स्थानकावर गाडी सुटण्यापूर्वी इतके आधी पोहोचणे की आदली गाडीही मिळावी, हा त्यांचा लौकिक. नातवाने कुठल्याशा पडद्यावर प्रवाळ आणि मासे दाखविले आणि 'आजोबा, तुम्हाला नाही जमणार' एवढे एकच वाक्य उच्चारले, त्याचा हा परिणाम. सोबतीला कोणी तरी हवे, म्हणून आमची नेमणूक झाली. आणि या विद्येत सोबत्यावाचून पाण्यात उतरण्यास सक्त मनाई असल्यामुळे ती नेमणूक घरगुती न राहता कायदेशीर ठरली.

साहस हे निधड्या छातीच्या माणसांचे काम आहे, अशी आपली समजूत शाळेतल्या धड्यांनी करून दिलेली असते. प्रत्यक्षात साहस हे मुळात दप्तरी काम आहे, आणि ते कारकुनी पिंडाच्या माणसाइतके दुसऱ्या कोणालाही साधत नाही, असे आमचे नम्र प्रतिपादन आहे. पुराणेही आमच्याच बाजूने साक्ष देतात. आपल्याकडचा नामांकित पाणबुड्या म्हणजे दुर्योधन. जलस्तंभनविद्येच्या बळावर तो द्वैपायन सरोवराच्या तळाशी जाऊन बसला, परंतु खाली सोबती नेला नाही. त्याचे तिघे सहकारी, अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा, काठावर उभे राहून त्याच्याशी असे संभाषण करीत राहिले की ते व्याधांनी ऐकले आणि पांडवांना वर्दी दिली. पुढे युधिष्ठिराने डिवचताच हा वीर संतापाच्या भरात तडक वर आला. सोबत्याविना बुडी, काठावरील गाफिलपणा आणि क्रोधाने केलेले अविचारी उद्गमन, या तिन्ही कलमांखाली आजचा कोणताही शिक्षक त्याला नापास करील. शौर्य होते, शिस्त नव्हती.

उलट या विद्येचे आधुनिक उपकरण पाहावे. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो या नौदलाच्या अधिकाऱ्याने आणि एमिल गान्यां या अभियंत्याने पाण्याखाली मागणीप्रमाणे हवा पुरविणारी झडप सिद्ध केली. गान्यां हा वायू विकणाऱ्या एका कंपनीतला सरळमार्गी नोकर. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती, म्हणून मोटारी गॅसवर चालाव्यात यासाठी त्याने एक झडप तयार केली होती. तीच थोड्या फेरफाराने माणसाच्या तोंडाला लागली. म्हणजे ज्याच्या जोरावर आज जगभरचे धाडसी लोक सागरतळ धुंडाळतात, ते साधन रेशनच्या काळातल्या एका काटकसरी डोक्यातून निघाले. त्यानंतर 1966 साली अमेरिकेत पॅडी नावाची संस्था निघाली आणि तिने या सगळ्या प्रकाराला पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका, नोंदवही व ओळखपत्र बहाल केले. मेहुण्यांना ही माहिती कळली त्या क्षणी त्यांची उरलीसुरली भीती गेली. ज्या गोष्टीला नमुना अर्ज आहे, ती गोष्ट माणसाला मारू शकत नाही, अशी त्यांची अढळ श्रद्धा आहे.

पहिला अर्ज इंदुरातच भरावयाचा होता. दमा आहे काय, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे काय, हृदयाची तक्रार आहे काय, आणि वय 45 च्या पुढे असल्यास आणखी कोणकोणते पोटप्रश्न लागू होतात, अशी ती आरोग्याची कैफियत. काही ठरावीक कलमांपैकी एकापुढेही 'होय' आले की डॉक्टरांची सही आवश्यक. सामान्य उमेदवार अशा वेळी सर्वत्र 'नाही' लिहून मोकळा होतो. मेहुण्यांनी प्रत्येक प्रश्न चष्मा पुसून दोनदा वाचला, रक्तदाबाच्या गोळीचे नाव मात्रेसह समासात नोंदविले, आणि सर्व तपासण्यांच्या नकला जोडून तो कागद कुटुंबाच्या डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी छाती, कान व कागद या क्रमाने तपासणी केली आणि विचारले, "तुम्ही इतकी वर्षं मला सांगत होता की सर्दी होते म्हणून पोहायला जात नाही. आता एकदम समुद्र?" मेहुणे म्हणाले, "पोहायला जात नाहीये हो, बुडायला जातोय. त्याची रीतसर पद्धत आहे." सही झाली.

पोहणे मात्र अगदीच टळत नाही. 200 मीटर अंतर, वेळेचे बंधन न ठेवता, कोणत्याही शैलीने पार करणे आणि 10 मिनिटे पाण्यावर तरंगून राहणे, एवढे सिद्ध करावे लागते. यासाठी आमच्या महापालिकेच्या तरण-पुष्करात पहाटेचा सराव झाला. 'वेळेचे बंधन नाही' हे शब्द मेहुण्यांनी इतक्या काटेकोरपणे अमलात आणले, की त्यांच्या बाजूने पोहणारी शाळकरी मुले कपडे बदलून, पोहे-जलेबी खाऊन परत आली तरी ते त्याच काठाच्या दिशेने धिमेपणाने अग्रेसर होते. तथापि ते पोहोचले. आणि नियमात पोहोचणे एवढेच लिहिले होते.

मुख्य विद्यापीठ तारकर्लीला. मालवणपासून जवळच, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या विषयाची स्वतंत्र संस्थाच तेथे उभारली आहे, आणि किनाऱ्यावरच्या इतरही अनेक केंद्रांतून ही विद्या दिली जाते. पावसाळ्यात समुद्र कोणाचाच अर्ज स्वीकारीत नाही. ऑक्टोबर ते मे हा त्याच्या कामकाजाचा काळ. कुडाळच्या स्थानकावर उतरून आम्ही मालवणला पोहोचलो तेव्हा मेहुण्यांच्या सामानात शेवेचे डबे, आरोग्याची संचिका, आणि खजराण्याच्या गणपतीचा लाल दोरा मनगटाला, अशी त्रिविध तयारी होती.

आमच्या तुकडीत योगायोगाने इंदूरचाच, विजयनगरकडचा एक तरुण होता. व्यायामशाळेत घडलेले दंड, पाण्याचे भय नाही, आणि प्रत्येक सूचनेला 'अरे भिया, हो जाएगा' हे उत्तर. आरोग्याचा अर्ज त्याने उभ्या रेघेत, न वाचता, 'नाही'ने भरून टाकला होता. शूर आणि कारकून या दोन प्रकृती एकाच बाकावर शेजारी बसल्यामुळे आमच्या निरीक्षणाची उत्तम सोय झाली.

पुस्तकी भागात भौतिकशास्त्राने आमचे स्वागत केले. पृष्ठभागावर वातावरणाचा दाब एक मानला, तर 10 मीटर खोलीवर तो दुप्पट, 20 मीटरवर तिप्पट होतो; आणि बॉईलच्या नियमानुसार दाब वाढला की वायू आक्रसतो, कमी झाला की फुगतो. खाली दुप्पट दाबाने फुप्फुसात भरलेली हवा कोंडून जो मनुष्य वर येतो, त्याच्या छातीत तीच हवा दुप्पट जागा मागू लागते, आणि फुप्फुस ही काही सरकारी जमीन नव्हे की अतिक्रमण निमूट सहन करावे. म्हणून या शास्त्राची पहिली आज्ञा अशी, की श्वास कधीही रोखू नये. अंतिम परीक्षेत 50 प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यास 75 टक्के गुण. मेहुण्यांनी उत्तरपत्रिका शेवटच्या मिनिटापर्यंत सोडली नाही. तरुणाने ती तत्काळ सोडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाती घेतली.

खरा पेच सरावाच्या तलावात उतरल्यावर पडला. मेहुण्यांनी अनेक वर्षे सकाळी नियमाने प्राणायाम केला आहे, आणि त्यातील कुंभकाविषयी, म्हणजे श्वास कोंडून धरण्याविषयी, त्यांना रास्त अभिमान आहे. इकडे तेच पुण्य पाप ठरले. छातीभर पाण्यात बसून, नळी तोंडात धरून त्यांनी पहिला श्वास घेतला आणि सवयीने तो सांभाळून ठेवला. बुडबुडे थांबले. शिक्षक, मालवणचाच एक शांत डोळ्यांचा तरुण, त्यांना वर घेऊन म्हणाला, "काका, श्वास घेत रवा. धरून ठेवू नकात." अशी सूचना आयुष्यात प्रथमच मिळाल्यामुळे मेहुणे क्षणभर स्तब्ध झाले. मग त्यांनी रेचक व पूरक यांची कायम नेमणूक करून कुंभकास सेवामुक्त केले, आणि त्यानंतर त्यांचे बुडबुडे इतक्या समान अंतराने वर येऊ लागले की शिक्षकाने घड्याळाकडे पाहिले.

कानांच्या बाबतीत परंपरा मदतीला आली. खाली जाताना दाबाने कान दुखू लागतात. दुखण्यापूर्वीच, थोड्या थोड्या अंतरावर नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडावी लागते. या युक्तीला सतराव्या-अठराव्या शतकातील वालसाल्वा या इटालियन शारीरशास्त्रज्ञाचे नाव आहे. मुंजीपासून संध्येला बसून नाक धरण्याचा सराव असलेल्या घराण्याला इटलीकडून हे शिकण्याची आवश्यकता पडली नाही. मुखवट्यात पाणी शिरू देऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढण्याचा जो प्रयोग असतो, त्यात तरुण तीरासारखा पृष्ठभागावर आला आणि काठ धरून खोकत राहिला. मेहुण्यांनी तो प्रयोग केल्यावर खात्रीसाठी, कोणी सांगितले नसताना, पुन्हा एकदा केला. कुलूप ओढून पाहण्याची चौथी वेळ इथे सार्थकी लागली.

पुढची परीक्षा त्रिशंकू होण्याची. ना तळाला लागावे, ना वर तरंगावे. श्वासाच्या चढउताराने शरीराला अधांतरी राखावे. यासाठी कमरेला शिशाची वजने बांधतात, कारण चरबी तरंगते आणि माणसाला बुडू देत नाही. इंदूरच्या सराफ्यातल्या खादाडीच्या रात्रींनी जे शरीरात जमा केले, ते इथे शिशाच्या रूपाने वसूल होते. ज्याचे खाणे चोख, त्याला शिसे जास्त. मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायातही शिसे ओतले आहे. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा मुहूर्त केला आणि 1667 च्या सुमारास तो पुरा झाला. त्याच तटाच्या सावलीत शिशाच्याच आधाराने इंदूरकर समुद्रात स्थिर होतो.

समुद्रात उतरण्यापूर्वी सोबत्याने सोबत्याची तपासणी करावयाची असते : हवेचे जाकीट फुगते काय, वजने सुटतात काय, पट्टे आवळले काय, टाकीची झडप उघडी काय. इतर जोड्यांची तपासणी आटोपून त्या पाण्यात उडी घेण्यास सिद्ध झाल्या, तरी मेहुणे आमचा तिसरा पट्टा ओढून पाहत होते. नाव लाटांवर डुलत होती, नावाडी कंटाळला होता, पण शिक्षक मात्र प्रसन्न होता. "हे काका बघा," तो इतरांना म्हणाला, "अशी तपासणी पाहिजे." ज्या सवयीपायी घरात या गृहस्थांची हयातभर थट्टा झाली, तिला अरबी समुद्रावर अशी जाहीर पावती मिळाली. आम्ही ते वाक्य त्यांच्या पत्नीला कळविण्याचे वचन दिले आहे, परंतु योग्य वेळ अद्याप आलेली नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही ही इंदूरकराला होणारी सर्वांत कठोर शिक्षा. आमच्या छप्पन दुकानावर उभा राहिलेला मनुष्य कचोरीचा घास तोंडात असतानाही चालू राजकारणावर निकाल देऊ शकतो. इथे तोंडात नळी आली की सर्व वक्तृत्व हातांवर येते. त्यातही खुणा उलट्या. अंगठा वर केला की 'उत्तम चालले आहे' असा अर्थ नसून 'आता वर जाऊ' असा होतो. आमच्या तरुणाने खाली पोहोचताच आनंदाच्या भरात दोन्ही अंगठे वर केले. शिक्षकाने कर्तव्यबुद्धीने त्याला ताबडतोब वर नेले. 'ठीक' म्हणण्यासाठी तर्जनी व अंगठ्याचे वर्तुळ करावे, आणि तळहात आडवा धरून डोलविला की 'काही तरी बिघडले' असे समजावे. जे राष्ट्र होकार, नकार आणि विचार करून सांगतो, ही तिन्ही उत्तरे मान डोलवूनच देते, त्याच्या नागरिकाने इथे फार जपून राहावे.

आणि मग तळ आला. प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटरांची. किल्ल्याजवळची खोली त्याहून पुष्कळ कमी. पाणी हिरवट, समोरचे काही मीटरच दिसतील असे. परंतु त्या मर्यादित दरबारात पिवळे-काळे पट्टे मिरविणारे सार्जंट मासे हजेरीला उभे होते, पोपट मासा प्रवाळ कुरतडीत होता, आणि त्या कुरतडण्याचा बारीक किरकिर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मेहुण्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेले आणि आमच्यापुढे धरले. खजराण्याचा लाल दोरा काळपट करडा झाला होता. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांआधी गिळते, हे पुस्तकात वाचले होते; देवाच्या दोऱ्यालाही त्यात सूट नाही, हे तेथे कळले. त्यांनी पाण्याखाली लिहिण्याची पाटी काढली, पेन्सिल चालविली आणि वाचावयास दिली. तीवर लिहिले होते : 'रंग गेला. दोरा आहे. नोंद घ्यावी.'

हवेच्या हिशेबात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. टाकीत साधारण 200 बार दाबाची हवा देतात आणि सुमारे 50 शिल्लक ठेवून वर यावयाचे असते. शूर मनुष्य हातपाय मारतो, धापा टाकतो आणि भांडवल उधळतो. भित्रा मनुष्य, एकदा पद्धतीवर विश्वास बसला की, सावकाश जगतो. तरुणाच्या टाकीने तळ गाठत आणला तेव्हा मेहुण्यांची निम्मी हवा जमेस शिल्लक होती. शिक्षकाने शिल्लक विचारली, मेहुण्यांनी ती बोटांनी दाखविली. शिक्षकाचा विश्वास बसेना, त्याने स्वतः मापक पाहिला. कोषागारात अनेक तपासनीसांना तोंड दिलेल्या गृहस्थाने अत्यंत तुच्छतेने त्याला पाहू दिले.

चार बुड्यांची नोंदवही पुरी झाली, शिक्षकाच्या सह्या झाल्या, आणि मेहुणे 'ओपन वॉटर डायव्हर' झाले. किमान वय 10 वर्षे, कमाल वयाला मर्यादा नाही, आणि मुख्य म्हणजे या प्रमाणपत्राला मुदत नाही. यावर त्यांनी जे भाष्य केले ते आम्हांस विचारार्ह वाटते. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून त्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला सादर करावा लागतो. म्हणजे जमिनीवर, बँकेच्या काउंटरसमोर, दिवसाढवळ्या ते श्वास घेत आहेत हे सरकार एका वर्षापलीकडे मानावयास तयार नाही. 18 मीटर पाण्याखाली मात्र ते श्वास घेऊ शकतात, हे परक्या देशातल्या एका संस्थेने त्यांना आजन्म लिहून दिले आहे.

इंदूरला परतणे मात्र वाटते तितके सोपे नाही. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. त्याला घाई केली तर बुडबुडे होऊन सांधे धरतात. म्हणून अनेक बुड्या घेतल्यानंतर किमान 18 तास विमानात बसू नये आणि उंच घाटही चढू नये, असा दंडक आहे. याच शास्त्रात 300 मीटरपेक्षा उंच ठिकाणच्या पाण्याला 'उंचीवरचे पाणी' मानतात. आणि आमचे इंदूर साडेपाचशे मीटरवर. म्हणजे पिढ्यानुपिढ्या ज्याला आम्ही सपाट माळवा समजत आलो, तो पाणबुड्यांच्या दृष्टीने पर्वत निघाला. मेहुण्यांनी पुस्तकातले ते पान काढून आमच्यापुढे ठेवले आणि घाट चढण्यास साफ नकार दिला. सोलकढी पीत मालवणात आणखी एक दिवस मुक्काम करणे शास्त्रतः प्राप्त झाले.

ते निवृत्त, त्यांना कोणाची परवानगी नको. आम्ही मात्र अद्याप नोकरीत असल्यामुळे कचेरीला रजा वाढविण्याचा अर्ज पाठविणे भाग पडले. कारण खरे लिहावे, असा मेहुण्यांचा आग्रह. त्यानुसार 'अर्जदाराच्या शरीरातील विरघळलेला नायट्रोजन अद्याप पूर्णतः बाहेर पडला नसल्यामुळे व इंदूर शहर उंचीवर असल्यामुळे एक दिवसाची रजा मंजूर व्हावी, ही विनंती' असा मजकूर रवाना झाला. आमचे हेडक्लार्क या विद्येचे एक अक्षरही न शिकलेले, पाण्याला पायाचा अंगठाही न लावलेले गृहस्थ. तथापि जन्मजात पाणबुड्याचे सर्व गुण त्यांच्या ठायी आहेत, हे संध्याकाळी आलेल्या उत्तरावरून सिद्ध झाले. रजा मंजूर होती. खाली शेरा होता : 'हजर होतेवेळी नायट्रोजन बाहेर पडल्याचा दाखला मूळ प्रतीत जोडावा.'